सुई नवी होती का

लग्नसराई जवळ आली की माझ्या शिलाई मशीनभोवती मुली जमतात. ब्लाऊजचं माप देता देता त्यातली एखादी हळूच विचारते, "काकू, तुमी भुवया पक्क्या करून घेतल्या होत्या ना? मले बी करायच्या आहेत. काय काय पाहा लागते?"

मला सगळं पाठ आहे. हातातली टेप बाजूला ठेवून मी सांगायला बसते. भुवईत सुईनं जो रंग भरतात, तो आधी कानामागे थोडा लावून घ्यायचा, खाज सुटते का ते आठवडाभर पाहायचं. जखमेचा वण फुगत असेल तर या वाटेला जायचं नाही. साखर असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. लग्नाच्या तोंडावर तर मुळीच नाही, निदान दीड-दोन महिने मध्ये हवेत, कारण खपली धरलेल्या भुवईवर हळद चढली तर काय होईल ते देव जाणे. रंग आज काळा दिसतो, वर्षानं विटकरी होतो. पार्लरवाली ताज्या कामाचे फोटो दाखवते, तिच्याकडे वर्षभर जुनी भुवई पाहायला मागायची. सुईचं पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडायला लावायचं, आणि फोडताना डोळे उघडे ठेवायचे.

पण हे सगळं नंतर. त्याआधी मी एक प्रश्न विचारते, "तुझ्या रक्ताची वाट पाहणारं घरात कोणी आहे का?"

मुलगी माझ्याकडे बघते, मग आईकडे बघते. या बाईला आतापासूनच चळ लागला, असं दोघींच्याही तोंडावर स्पष्ट दिसतं. दिसू दे. मला हा प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून मी विचारते.

माझ्या घरात वाट पाहणारं माणूस होतं. माझी नणंद, नवऱ्याची एकुलती बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तिला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. या आजारात रक्तातल्या लाल पेशी वाकड्या होतात, नसांमध्ये अडकतात, हाडं कोणी खलबत्त्यात घालून कुटावी तशी दुखतात, आणि अधूनमधून रक्त इतकं उतरतं की बाहेरून चढवावं लागतं. तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह. तो मिळता मिळत नाही. आणि माझाही तोच.

हा योगायोग आहे असं मी बरीच वर्षं समजत होते. आमच्याकडे सोयरीक करताना शहाणी माणसं पत्रिकेआधी सिकलसेलचा रिपोर्ट पाहतात. माझा रिपोर्ट चांगला होता. आजार नाही, आजाराची वाहकही नाही. खाली कोपऱ्यात रक्तगट लिहिलेला. सासूला वाचता येत नाही. तिनं तो कागद मुलाकडून वाचून घेतला, परत एकदा वाचायला लावला, आणि चहा यायच्या आत "पोरगी पसंत आहे" म्हणून मोकळी झाली. मी वेडी, मला वाटलं माझं शिवणकाम आवडलं.

लग्नानंतर सहा वर्षांत मी नऊ वेळा रक्त दिलं. बाईनं दोनदा रक्त देताना मध्ये चार महिने जावे लागतात, ते महिने सासू बोटांवर मोजायची. मी देऊन आले की तलावाच्या मासळीचा सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात पडायचा, मुलाच्या नाही. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस, सासू जपते. जपत होती हे खरंच. पण दुभत्या म्हशीलाही जपतातच, आणि कधीकधी ताटासमोर बसल्यावर मला तेच वाटायचं. मग नणंद समोर येऊन बसायची, माझ्या ताटातला तुकडा अर्धा तोडून तोंडात टाकायची आणि म्हणायची, "अर्धा माहा. रगत मलेच देतेस ना, मंग मासा बी मलेच दे." एवढ्यावर माझा राग विरघळायचा. त्या घरात मला हसवणारी ती एकटीच होती.

ती माझ्यासोबत काम करायची. मी ब्लाऊज शिवायची, ती त्यावर आरी काम करायची. लाकडी चौकटीत कापड ताणून आकड्याच्या सुईनं मणी आणि जर भरणं, हे ते काम. दुखणं नसलेल्या दिवसांत तिचा उजवा हात असा चालायचा की कामठ्यापासूनच्या बाया मोर घालून मागायला आमच्या घरी यायच्या. आपल्या हाताचा तिला गर्व होता. बाकी शरीरानं दगा दिलेल्या माणसाला एका हाताचा गर्व असला तर काय बिघडलं?

तीन वर्षांपूर्वी माझ्या भुवयांना चाई लागली. आधी डाव्या भुवईत चण्याएवढी जागा मोकळी झाली, मग तिच्या शेजारची, आणि चार महिन्यांत दोन्ही भुवया साफ. डोक्याला काही झालं नाही, पापण्यांना काही झालं नाही, नेमकं तेवढंच गेलं. गोंदियाच्या चामडीच्या डॉक्टरनं मलम दिलं, सुया टोचल्या, शेवटी म्हणाला, आल्या तर येतील. भुवया नसलेलं तोंड कसं दिसतं हे ज्याचं गेलं त्यालाच कळतं. तुम्ही रागावलात तरी समोरच्याला कळत नाही. माझ्यासारख्या तापट बाईला तर ही मोठीच अडचण.

मी पेन्सिलीनं काढू लागले. घरात ठीक होतं. रोवणीच्या दिवसांत मात्र आम्ही सगळ्याच बांधीत उतरतो, आमची ती ठेक्यानं घेतलेली धानाची जमीन. एका दुपारी वाकून रोवता रोवता घामानं एक भुवई धुऊन गेली, आणि ओळीतली एक बाई मान वर करून म्हणाली, "बाई वो, तुमची एक भुवई बांधीतच रोवून आली का? पाहा, उगवते का." सगळ्या बाया कंबरेवर हात ठेवून हसल्या. मीही हसले. घरी येऊन न्हाणीत बसून रडले आणि त्यानंतर बाहेर जाताना पदर कपाळावर इतका ओढायला लागले की नवऱ्यानंच विचारलं, कोणावर चिडलीस?

पक्क्या भुवयांचं खूळ नणंदेनं काढलं. मोबाईलवर पाहून पाहून तिनं एका वहीत प्रश्नच लिहून काढले. रंग कोणता, किती दिवस टिकतो, लाल पडतो की निळा, दुखतं किती, पाणी कधी लावायचं, ऊन कधी. ती वही घेऊन आम्ही दोघी बसनं गोंदियाला गेलो. बाजारातलं माडीवरचं पार्लर, हिंदी बोलणारी बाई, स्वभावानं चांगली. नणंदेनं एकेक प्रश्न वाचला, तिनं एकेक उत्तर दिलं, आणि शेवटी हसून म्हणाली, "इतना तो शादी के टाइम कोई लड़के के बारे में नहीं पूछता." त्या दिवशी तिनं कानामागे रंग लावून पाठवलं. पुढच्या आठवड्यात आम्ही परत गेलो.

त्या दिवसाचं मला काय काय आठवतं हे मी नंतर हजार वेळा आठवून पाहिलं आहे. त्या बाईनं धाग्यानं भुवयांची आखणी केली. नणंदेनं लांबून, जवळून पाहून डावी बाजू थोडी खाली घ्यायला लावली. मग पार्लरवालीनं बधिर करणारं मलम लावलं, डोळ्यांवर कापूस ठेवला आणि म्हणाली, आँख बंद रखना दीदी. मी डोळे मिटले. पंखा चालू होता. खाली रस्त्यावर ऑटोवाला कोणाशी तरी भांडत होता. मग कपाळावर बारीक बारीक ओरखडे, कोणी टोकदार काडीनं माझ्यावर लिहितंय असं. तासाभरानं तिनं आरसा दिला.

मला मी दिसले. दुसरं काय सांगू? वर्षभर माझ्याकडे आरशातून कोणी अनोळखी बाई पाहत होती, ती गेली होती. मी नणंदेकडे पाहिलं, तर तीच डोळे पुसत होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आता रागावून दाखव." मी रागावून दाखवलं. तिला कळलं.

घरी सासूनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोदणं आहे, कपाळावर तीन ठिपके. ती लहान असताना गोदणारी बाई गावात यायची, सुया एका जुडीत बांधून घरोघरी सगळ्या पोरींना त्याच जुडीनं गोदायची. सासू म्हणाली, "हा तं गोदनाच होय. मेकप काऊन म्हणतेत? आता हे जात नाही बापा. मेल्यावर डाग-दागिने सारे इथंच राहतेत, गोदना तेवढा संगं येते." मग हळद आणि तेल कालवून घेऊन आली, कारण गोदल्यावर तेच लावतात. नणंद आडवी उभी राहिली. आठवडाभर माय हळदीची वाटी घेऊन माझ्या मागे आणि लेक मायच्या मागे, असा आमच्या घरात खेळ चालला होता.

हे मी मुद्दाम सांगते आहे. सासूनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं की हे गोदणं आहे. मी ऐकलं होतं, नणंदेनं ऐकलं होतं. आणि रक्तपेढीच्या ज्या कागदावर मी नऊ वेळा सही केली होती, त्यावर हा प्रश्न छापलेला होता, गेल्या बारा महिन्यांत गोंदण किंवा टॅटू केलं आहे का. नऊ वेळा मी त्या रांगेतल्या सगळ्या प्रश्नांवर वरून खाली 'नाही' अशा खुणा केल्या होत्या. पहिल्या वेळी वाचलं असेन. नंतर कोण वाचतं? आणि आमच्या घरात, आमच्या गावात, प्रत्येक म्हातारीच्या हातावर गोदणं. त्याचा रक्त देण्याशी काही संबंध असेल हे आम्हाला सुचलंच नाही. वहीत सत्तावीस प्रश्न होते. अठ्ठाविसावा नव्हता.

भुवया करून दीड महिना झाला. धान कापणीला आलं, सकाळचा गारठा वाढला. गारठा हा नणंदेचा वैरी. एका सकाळी ती चौकटीवर बसली आणि सुई खाली ठेवून म्हणाली, "वहिनी, मांड्यांत सुरू झालं." दुपारपर्यंत तिला पाय टेकवेना. डोळे पिवळे जर्द झाले. दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन चारच्याही खाली. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज रक्त चढवा. नवरा माझ्याकडे पाहून म्हणाला, "चार महिने होऊन गेले ना तुले?" होऊन गेले होते. कोणाच्याही तोंडचं पाणी पळालं नव्हतं. हे आम्ही नऊ वेळा केलं होतं. सासू मला घेऊन रक्तपेढीकडे निघाली तेव्हा मी वाटेत केळं खात होते.

तिथली मॅडम मला ओळखते. प्रत्येक वेळी मला पाहून म्हणायची, आली आमची बँक. त्या दिवशीही तिनं मान वर केली, आणि तिचं तोंड उजळलं. "अय्या, भुवया! किती छान दिसतंय. मी म्हणतच होते, काहीतरी वेगळं..." आणि तिचं पेन हवेतच थांबलं. ती माझ्या कपाळाकडे पाहत राहिली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "कधी केल्या?"

मी सांगितलं.

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, सुईनं रंग भरला म्हणजे टॅटूच. वर्षभर रक्त घेता येत नाही. सुईतून कावीळ किंवा एड्सचा जंतू गेला असेल तर सुरुवातीचे काही आठवडे तपासणीत दिसत नाही, आणि रक्त तर चढवलेलं असतं. मी म्हणाले, तुमच्या पाया पडते. ती म्हणाली, ताई, मला माहीत आहे कोणासाठी, म्हणूनच नाही म्हणते. फ्रिजमध्ये ओ निगेटिव्हची एकही पिशवी नव्हती. तिनं माझ्यासमोर फोन लावायला सुरुवात केली, भंडारा, बालाघाट, नागपूर. पॉझिटिव्ह रक्त द्यायला डॉक्टर राजी नव्हते, मुलगी बिनलग्नाची, पुढं तिच्या मुलांना त्रास होईल म्हणाले. पुढचं पुढं, असं मला ओरडावंसं वाटलं.

बाहेरच्या बाकावर मी बसले तर सासूनं बाटलीतलं पाणी पदरावर ओतलं आणि माझ्या भुवया पुसायला लागली. आधी हळू, मग जोरानं. "पुसून टाक. पुसून टाक आणि परत जा. कोनाले का समजते." येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. तिच्या हातावरचं हिरवं गोदणं माझ्या डोळ्यांसमोर वरखाली होत होतं. साठ वर्षं ते हात तिनं राखेनं घासले, मातीत घातले, चुलीत भाजले, एक ठिपका हलला नव्हता. पुसत नाही हे त्या बाईला कोणी सांगायला हवं होतं का? तरी ती पुसत होती. मी तिला थांबवलं नाही. कातडी सोलून निघाली असती तर मला चाललं असतं.

नवरा आला. तो कमी बोलतो. म्हणाला, "शहरात दुसरी रक्तपेढी आहे. तिथं तुले कोनी ओळखत नाही." एवढंच. तो परत वॉर्डात गेला, सासूही गेली. पुढचं मी एकटीनं ठरवायचं होतं.

मी आधी पार्लरला गेले. पायऱ्या चढताना मी एकच गोष्ट आठवत होते. पाकीट फाटल्याचा आवाज. कडक कागदाचं पाकीट फाडलं की चर्र आवाज येतो, तो मी ऐकला होता का? पंखा ऐकला होता. ऑटोवाल्याचं भांडण शब्दन् शब्द आठवत होतं. पाकीट आठवत नव्हतं. पार्लरवाली एका नवरीचे केस धूत होती. मी दारातूनच विचारलं, त्या दिवशी माझ्यासाठी सुई नवी काढली होती का?

"हां दीदी, हर किसी के लिए नई लेती हूं."

"माह्यासाठी काढली होती का?"

तिचे हात त्या केसांत थांबले. तिनं खरंच आठवून पाहिलं, तेवढं श्रेय मी तिला देते. मग म्हणाली, "उस दिन भीड़ थी... नई ही होगी, दीदी."

होगी. त्या एका शब्दावर मी माझ्या नणंदेला काय चढवणार होते?

तरी मी दुसऱ्या रक्तपेढीत गेले. कोणी काही म्हणो, गेले. तिथल्या मुलानं मान वर न करता कागद पुढं सरकवला. भुवया इतक्या बेमालूम होत्या की त्यानं मान वर केली असती तरी त्याला कळलं नसतं. मी नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं. त्या प्रश्नापाशी आले. दहाव्या वेळी तो मी पहिल्यांदा नीट वाचला. पेन 'नाही'च्या चौकोनावर टेकवलं. ती मेली तर मी मारली. हे चढवून तिला रोग लागला तरी मीच मारली. डोकं चालेना. मग आठवलं, माझे डोळे मिटलेले होते, पण पार्लरमध्ये नणंदेचे उघडे होते.

मी तिला फोन लावला. वॉर्डात तिचा फोन उशाशीच असायचा. बराच वेळ वाजला. "हं," ती म्हणाली. तोंडातून जेमतेम आवाज निघत होता.

मी म्हणाले, "भुवया करत होती तवा तू तिथंच होतीस. त्या बाईनं सुईचं पाकीट फोडताना तू पाहिलंस का?"

ती मूर्ख नव्हती. माय आणि भाऊ तिच्या उशाशी काय बोलून गेले होते ते तिनं ऐकलंच असणार. मी कुठून बोलते आहे, कशासाठी विचारते आहे, तिला सगळं कळलं होतं. तिनं फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात तिला विनवत होते, म्हण हो. खोटं असलं तरी म्हण. मग ते तुझ्यावर, माझ्यावर नाही.

"मी मोबाईल पाहून राहिली होती, वहिनी," ती म्हणाली. "मले नाही मालूम." आणि मग, "मायले नोको सांगू, मी असं बोलली म्हणून."

मी 'होय'च्या चौकोनात खूण केली आणि कागद परत केला. त्या मुलानं तो पाहिला, मान हलवली, बाजूला ठेवला. इतकं सोपं होतं ते.

रक्त दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. तिरोड्याकडचा कोणी माणूस, मोटरसायकलवर आला, रक्त दिलं, बिस्किटचा पुडा खाल्ला आणि आम्ही भेटायच्या आत निघून गेला. त्याची मी रोज आठवण काढते. पण त्याच दिवशी सकाळी मी नणंदेला चहा पाजायला गेले होते तेव्हा चहा तिच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून खाली ओघळला. मी म्हणाले, नीट पी. तिनं कप धरायला उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. हात उचलला गेला नाही. ती हाताकडे पाहत राहिली, परक्याचा असल्यासारखी.

ती वाचली. चालते, बोलते, बोलताना शब्द थोडे घसरतात. डॉक्टर म्हणाले, मेंदूची नस बंद झाली, या आजारात होतं, रक्त वेळेवर मिळालं असतं तरी झालं असतं कदाचित. मी परत विचारलं नाही. 'कदाचित' आणि 'होगी', या दोन शब्दांच्या मध्ये मी तेव्हापासून राहते आहे.

सासू महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस तांदूळ निवडताना म्हणाली, "खरं कायले लिहिलंस?" मी म्हणाले, भीती वाटली. तिनं मान खाली घातली आणि खडे वेचत राहिली. लेकीनं काय सांगितलं होतं, हे तिला आजही माहीत नाही. तिनं मला काय समजायचं ते समजावं.

तीन महिन्यांनी मी तपासणी करून घेतली. सहा महिन्यांनी परत. कावीळ नाही, एड्स नाही, काही नाही. म्हणजे त्या दिवशी माझं रक्त चांगलंच होतं. सुई नवीच होती, किंवा जुनी असून माझं नशीब चांगलं होतं. रिपोर्ट हातात घेऊन मी दवाखान्याच्या आवारात उभी राहिले आणि मला वाटलं, यात काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं. निदान आम्ही बरोबर ठरलो असतो. असं वाटावं याची मला लाज वाटते, पण वाटलं. नणंदेला सांगितलं तर ती तिच्या नव्या, वाकड्या हसण्यानं हसली. म्हणाली, "मंग चांगलं झालं ना. तुले काही नाही झालं."

आरीची चौकट आता माळ्यावर आहे. फिजिओथेरपीच्या मॅडमनं बोटांना काम द्या म्हटलं, शेंगदाणे उचला, बटणं लावा. तिनं दोन दिवस शेंगदाणे उचलले आणि तिसऱ्या दिवशी ताटली ढकलून दिली. पोरांचे खेळ मले नोको, म्हणाली.

वर्ष झालं तेव्हा माझ्या भुवया विटकरी होऊन अर्ध्याअधिक उडाल्या होत्या. पार्लरवालीचा फोन आला, टच-अप करून घ्या, परत नव्यासारख्या होतील. परत सुई म्हणजे परत एक वर्ष. मी नाही म्हणाले. त्याच आठवड्यात रक्तपेढीत गेले, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, प्रत्येक प्रश्न, आणि प्रत्येकापुढे विचार करून खूण केली. मॅडमनं माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि माझी बाही वर सारली. पिशवी भरत असताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

घरी आल्यावर मी आरशासमोर बसून जुनी पेन्सिल शोधून काढली. नणंद मागून आली, माझ्या हातातून पेन्सिल घेतली, उजव्या हातात. ती बोटांत बसेना. डाव्या हातानं तिनं एकेक बोट पेन्सिलीभोवती गुंडाळलं आणि म्हणाली, "डोळे मिट."

"मिटत नाही," मी म्हणाले. "आता कोणापुढं मिटत नाही."

"बरं, पाहा मंग."

त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या भुवया ती काढते. अर्धा तास लागतो. हात थरथरतो, रेघ कधी पापणीवर उतरते, कधी कपाळात चढते. तशीच मी मशीनवर बसते, तशीच बाजारात जाते. परवा ब्लाऊजच्या मापासाठी आलेल्या एका मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि निघताना संकोचून म्हणाली, "काकू, तुमची उजवी भुवई लय वाकडी झाली आहे. पुसून नीट करून देऊ का?"

मी म्हणाले, "नोको पुसू. कालच्यापेक्षा सरळ आहे."